पुढचे शीड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत आम्ही काही बोलावे, असा निरोप चिटणीसांनी आणला तेव्हा त्यांच्या मनात विषयही ठरलेला होता. ‘परप्रांतातील मराठी माणूस : काल, आज आणि उद्या’ असा तो भारदस्त विषय होता. आम्ही हात जोडून सांगितले की, काल आम्हांला थोडासा ठाऊक आहे, आज कसाबसा निभावतो आहोत आणि उद्याचे निवृत्तिवेतन कार्यालयाने ठरवावयाचे आहे. त्यापेक्षा आम्हांला एका जुन्या होडीच्या पुढच्या शिडाविषयी बोलू द्या. चिटणीस क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बोला, पण चाळीस मिनिटांत आटपा. नंतर मसालेभात आहे.” मसालेभाताचा मान राखून आम्ही आरंभ करतो.

प्रथम आमचा अधिकार सांगितला पाहिजे, कारण तो फारच थोडा आहे. आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. लहानपणी पाणी म्हणजे विहिरीचे आणि फार तर कृष्णेच्या डोहाचे. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात चिकटलो आणि बदल्यांच्या ओघात या कोचीला येऊन पोहोचलो. तीन वर्षांसाठी आलेला माणूस येथे रमला, पुन्हा मागून बदली घेऊन आला, आणि आता पन्नाशी उलटल्यावर त्याची सायंकाळ बंदराच्या धक्क्यावर जाते. समुद्राचे वेड हे गोवराप्रमाणे असते असे म्हणतात. लहानपणी आले तर हलके जाते, उतारवयात आले तर माणूस हैराण होतो.

हे वेड आम्हांला लावले ते आपल्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी. आपण सर्व त्यांना ‘चीफसाहेब’ म्हणून ओळखता. व्यापारी जहाजांवर मुख्य अभियंता म्हणून आयुष्य काढलेले हे गृहस्थ मूळचे मालवणचे. सासुरवाडी येथली, म्हणून निवृत्तीनंतर येथेच स्थायिक झाले. तिसरे भागीदार एक मल्याळी प्राध्यापक. ते पदार्थविज्ञान शिकवतात आणि वरणभात आपल्याइतकाच प्रेमाने खातात. आम्ही तिघांनी मिळून २००९ साली एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. इंग्लंडात १९७० च्या दशकात काचतंतूंची बांधलेली, तीस फूट लांबीची, एका डोलकाठीची. जग हिंडत निघालेले एक परदेशी वृद्ध जोडपे या किनाऱ्यावर थकले आणि परत जाण्यापूर्वी ती विकून गेले. जकातीचे सर्व सोपस्कार व शुल्क यथासांग भरले, हे हिशेब खात्यातील माणसाने वेगळे सांगावयास नको. होडीचे नाव मात्र चीफसाहेबांनी बदलू दिले नाही. नाव बदललेली होडी अपशकुनी, अशी सर्व समुद्रांवरच्या खलाशांची समजूत आहे.

आता या होडीची शिडे कशी असतात ते थोडक्यात सांगतो. डोलकाठीच्या मागे एक मुख्य शीड असते. डोलकाठीच्या टोकापासून खाली नाळेपर्यंत एक जाड पोलादी तार ताणलेली असते. ही पुढची तार डोलकाठीला मागे कोसळू देत नाही. याच तारेवर पुढचे शीड चढते. लहान असले तर त्याला जिब म्हणतात. डोलकाठीच्याही मागे जाईल इतके मोठे असले तर जिनोआ. हे नाव इटलीतील जिनोआ शहरावरून पडले. १९२० च्या दशकात तेथील शर्यतींत स्वेन सालेन या स्वीडिश नाविकाने असे मोठे शीड वापरले आणि पुढे जगभर त्याचे अनुकरण झाले. या शिडांची मापे टक्क्यांत सांगतात. तारेच्या खालच्या टोकापासून डोलकाठीपर्यंतचे अंतर म्हणजे शंभर. शिडाच्या मागच्या कोपऱ्यापासून तारेवर टाकलेला लंब याच्या दीडपट भरला, तर ते दीडशे टक्क्यांचे जिनोआ. आमच्या होडीबरोबर आलेले मोठे शीड असेच दीडशे टक्क्यांचे होते, सुमारे तीनशे चौरस फुटांचे. मंडळाच्या या सभागृहातील मोठी सतरंजी डोळ्यांसमोर आणा. ती वाऱ्यावर उभी केली म्हणजे कल्पना येईल.

जुन्या पद्धतीत हे शीड पितळी आकड्यांनी तारेत अडकवतात. वारा वाढला की कोणीतरी नाळेवर जावयाचे, मोठे शीड खाली ओढावयाचे, एकेक आकडा सोडवावयाचा, शीड पिशवीत कोंबावयाचे, लहान शीड आणून पुन्हा एकेक आकडा लावावयाचा आणि ते वर चढवावयाचे. हे सारे होडी लाटांवर उसळत असताना. चीफसाहेब म्हणत, यात नवे काहीच नाही. त्यांचे आजोबा मालवणी मचव्यावर तांडेल होते. त्या शिडांना लहान करण्याची सोय नसे. वारा चढला की परबाण खाली घेऊन मोठे शीड उतरवीत आणि धाकटे चढवीत. आजोबांकडे त्यासाठी सात-आठ खलाशी होते. आमच्याकडे एक चीफसाहेब होते.

प्राध्यापकमहाशयांनी आम्हांला एक नियम पहिल्याच दिवशी शिकवला होता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी दहा सागरी मैलांच्या वाऱ्यात लेकरासारखे वागणारे शीड वीस मैलांच्या वाऱ्यात चार पहिलवानांच्या बळाने ओढू लागते. म्हणून शीड बदलावयाचे तर वारा वाढण्यापूर्वी. वाढल्यानंतर ते काम चौपट कठीण झालेले असते. हा नियम आम्ही तिघांनी अनेकदा उच्चारला होता. उच्चारलेला नियम आणि पाळलेला नियम यांत किती अंतर असते, हे लेखापरीक्षण करणाऱ्याला ठाऊक असावयास हवे होते.

२०२१ च्या नोव्हेंबरातील गोष्ट. येथे या दिवसांत तुलावर्षम्चा पाऊस असतो. सकाळ निरभ्र, दुपारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रचले जातात आणि विजा घेऊन समुद्राकडे चालून येतात. आम्ही बंदराच्या मुखाबाहेर चारपाच मैलांवर होतो. मंद वारा होता, म्हणून मोठे जिनोआ चढवलेले. पूर्वेला काळे होऊ लागले तेव्हा चीफसाहेब म्हणाले, “शीड बदलूया.” सुकाणू आमच्या हाती होते. आम्ही म्हणालो, “दहा मिनिटे थांबू, तेवढ्यात मुखापाशी पोहोचू.” हे वाक्य आमचे होते. त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही.

वारा आधी पडला, मग जमिनीकडून एकदम आला. चीफसाहेब कमरेचा पट्टा डेकवरच्या सुरक्षा-दोराला अडकवून नाळेकडे गेले. त्यांचे वय तेव्हा एकाहत्तर. शीड अर्ध्यावर उतरले आणि थांबले. वर्षानुवर्षे झिजलेला एक आकडा तारेवर तिरका होऊन अडकला होता. अर्धे शीड पाण्यात, अर्धे वाऱ्यावर फडफडत. त्या फडफडीचा आवाज बंदुकीच्या बारासारखा. शिडाचा मागचा कोपरा, ज्याला दोन जाड दोर गाठ मारून बांधलेले असतात, त्यांच्या छातीवर आदळला आणि ते कडेच्या तारांवरून कमरेपर्यंत बाहेर गेले. पट्टा होता म्हणून राहिले. आम्ही होडी वाऱ्याच्या दिशेने वळवली, म्हणजे पुढचे शीड मुख्य शिडाच्या आडोशाला येते आणि त्याचा जोर ओसरतो. प्राध्यापक रांगत पुढे गेले आणि त्यांनी चीफसाहेबांना आत ओढले. हे सर्व पाच मिनिटांत घडले असेल. आमच्या हिशेबात ती पाच मिनिटे अजून संपलेली नाहीत.

दोन बरगड्या मोडल्या होत्या. इस्पितळात त्यांची कन्या पुण्याहून आली. ती भांडली नाही, रडली नाही. तिने आम्हांला बाहेरच्या बाकावर बसवून एवढेच विचारले, “काका, पुढच्या वेळी पुढे कोण जाणार?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमचे गुडघे पायऱ्यांना कुरकुर करतात. प्राध्यापकांना चष्म्यावाचून दोन हातांपलीकडचे दिसत नाही. ज्या होडीवर शीड बदलण्यास नाळेवर जाणारा माणूस नाही, ती होडी धक्क्याला बांधलेलीच बरी. होडी विकण्याची गोष्ट निघाली. चीफसाहेब खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, “विका.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ते झोपले नव्हते.

येथे आमच्या सौभाग्यवतींनी, ज्यांना होडीत बसण्याची फारशी हौस नव्हती, एक साधा प्रश्न काढला. त्या म्हणाल्या, “होडी जुनी झाली म्हणून दोष नाही, तुम्ही जुने झालात म्हणूनही नाही. दोष त्या पुढे जाण्यात आहे. पुढे न जाता ते शीड आवरता येत नाही का?” तीन पुरुषांना बारा वर्षांत जे सुचले नाही ते असे सुचले.

पुढे न जाता शीड आवरण्याचा उपाय जगात नवा नाही. तारेभोवती शीड गुंडाळण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या प्रारंभीच इंग्लंडात निघाली होती, आणि १९७० नंतरच्या दशकांत तिला आजचे रूप आले. या साधनाला फर्लर म्हणतात. त्याची रचना अशी. पुढच्या तारेवर अल्युमिनियमची एक लांब पोकळ नळी बसवतात; तिला उभी खाच असते. शिडाची पुढची कड या खाचेत सरकवून वर चढवतात, म्हणजे पितळी आकड्यांचे काम संपते. नळीच्या तळाशी एक रीळ असते आणि वरच्या टोकाला एक फिरती कडी. रिळाभोवती गुंडाळलेली दोरी डेकच्या कडेने मागे, सुकाणूपाशी बसण्याच्या जागेपर्यंत आणलेली असते. ही दोरी ओढली की नळी फिरते आणि शीड तिच्याभोवती, खिडकीवरच्या गुंडाळीच्या पडद्याप्रमाणे, गुंडाळले जाते. उघडावयाचे असेल तेव्हा दोरी हळूहळू सैल सोडावयाची आणि शिडाचा दोर, ज्याला आपले कोकणातील तांडेल दामण म्हणतात, तो ओढावयाचा. माणूस बसल्या जागेवरून उठत नाही.

हे ऐकून चीफसाहेब खूष होतील अशी आमची कल्पना होती. ते संतापले. चाळीस वर्षे यंत्रे चालवलेल्या माणसाचा यंत्रावर आमच्यासारखा भाबडा विश्वास नसतो. ते मालवणीत म्हणाले, “जां फिरतां, तां कधीतरी अडाकतलांच.” आणि अडकेल ते वाऱ्यातच अडकेल, तेव्हा अर्धे गुंडाळलेले शीड धड उतरणार नाही, धड गुंडाळणार नाही. शिवाय अर्ध्या गुंडाळलेल्या शिडाचा आकार बिघडतो. मधले पोट मोठे राहते, होडी वाऱ्याच्या दिशेने चढत नाही. तिसरे, नाळेवर कायमचे ओझे आणि वाऱ्याला अडथळा. चौथे, तीनचार महिने घरचा खर्च बाजूला ठेवावा एवढी किंमत. हे चारही आक्षेप खरे होते, आणि आम्ही ते हिशेबाच्या वहीत क्रमाने लिहून घेतले. हिशेब खात्याची ती सवय. आक्षेप लिहून घेतला की निम्मा शांत होतो.

मग उत्तरेही क्रमाने शोधली. आकाराबद्दल: शिडाच्या पुढच्या कडेला आतून फोमची पट्टी शिवतात. गुंडाळताना ती मधल्या भागात अधिक कापड खाते आणि पोट सपाट होते. तरीही एक तृतीयांशापेक्षा अधिक गुंडाळले तर आकार जातोच, म्हणून दीडशे टक्क्यांचा मोह सोडून शीड एकशे पस्तीस टक्क्यांचे करावयाचे. अडकण्याबद्दल: खुद्द चीफसाहेबांनीच उपाय सांगितला, तो पुढे येईल. किमतीबद्दल: सौभाग्यवती म्हणाल्या की दोन बरगड्यांच्या इस्पितळाच्या बिलाशी ती ताडून पाहा. आम्ही ताडून पाहिली आणि वही मिटली.

आता या कथेतला जो भाग सांगण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत, तो येतो. फर्लर जुन्या तारेवरच चढवावा असा आमचा बेत होता. तार वरून चकचकीत दिसत होती; खर्च वाचत होता. चीफसाहेब अजून पट्टा बांधून हिंडत होते. ते म्हणाले, “नळी चढली की तार पुन्हा कोणाला दिसणार नाही. झाकण्यापूर्वी पाहून घ्या.” त्यांनी आम्हांला जहाजावरची एक परीक्षा शिकवली. डोलकाठी मागे कोसळू नये, म्हणून शिडे चढवण्याच्या दोन मोकळ्या दोऱ्या नाळेशी घट्ट बांधल्या आणि मग तार उतरवली. तिची दोन्ही टोके जेथे पोलादी टोपणात दाबून बसवलेली असतात, ती स्वच्छ धुतली. त्यांवर लाल रंगाचा पातळ द्राव लावला, काही वेळ मुरू दिला, फडक्याने पूर्ण पुसून काढला आणि वर पांढऱ्या भुकटीचा फवारा मारला. आम्ही तिघे त्या हातभर लांबीच्या टोपणाकडे पाहत बसलो. दोनतीन मिनिटांनी वरच्या टोपणावर, पांढऱ्या भुकटीतून, केसाएवढी लाल रेघ उमटली. मग तिच्या शेजारी दुसरी.

गंजरोधक पोलाद हे नावाप्रमाणे नेहमीच वागत नाही. ज्या फटीत हवा खेळत नाही आणि खारे पाणी साचते, तेथे ते आतून कुजते आणि बाहेरून हसत राहते. आमच्या प्रदेशाची उष्णता त्या कामाला मदत करते. ती तार बारा वर्षे आमच्या डोक्यावर होती, आणि त्यापूर्वी किती वर्षे होती कोण जाणे. नोव्हेंबरात वाऱ्याच्या त्या झोतात ती तुटली असती, तर बरगड्यांवर भागले नसते. डोलकाठी जाणे ही काल्पनिक भीती नव्हे. आपल्या केरळचेच अभिलाष टॉमी २०१८ च्या सप्टेंबरात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत असताना दक्षिण हिंदी महासागरात त्यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी वादळात मोडली आणि पाठीला गंभीर इजा होऊन ते अंथरुणाला खिळून सुटकेची वाट पाहत राहिले. तेच गृहस्थ २०२२ साली पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. ती जिद्द वेगळ्या मातीची. आमच्यासारख्यांनी तार वेळेवर बदलावी, हे उत्तम.

तेव्हा तार नवी घेतली. एकोणीस धाग्यांची, आणि खालच्या टोकाला दाबून बसवण्याऐवजी आट्यांनी उघडता येईल असे टोपण बसवले. ते खोलून आत पाहता येते. डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या तारांचीही तीच परीक्षा केली. त्यांपैकी दोन बदलल्या. मोठे जिनोआ मुंबईच्या एका शीड शिवणाऱ्या कारागिराकडे पाठवले. त्याने ते बेतून एकशे पस्तीस टक्क्यांचे केले, फोमची पट्टी शिवली आणि मागच्या व खालच्या कडांना निळ्या ॲक्रिलिक कापडाची रुंद पट्टी लावली. गुंडाळलेले शीड बारा महिने उन्हात उभे असते. ही पट्टी बाहेर राहून ऊन स्वतः खाते आणि आतले कापड वाचते. मात्र शीड योग्य दिशेने गुंडाळले पाहिजे, नाहीतर पट्टी आत आणि शीड बाहेर. आम्ही पहिल्या दिवशी रिळावर दोरी उलटी भरून हेच साधले होते.

पहिल्या चाचणीची फजिती यापेक्षा मोठी आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत, दुपारच्या सुखद वाऱ्यात, सर्व भागीदार आणि सौभाग्यवती असे आम्ही निघालो. चीफसाहेब प्रवासी म्हणून. शीड ऐटीत उघडले. गुंडाळावयास गेलो तो दोन वेढे होऊन दोरी थांबली. आम्ही जोर लावला, मग विंचला गुंडाळून आणखी जोर लावण्याच्या बेतात होतो, इतक्यात चीफसाहेब ओरडले, “हात काढा!” फर्लर अडला की विंचने कधीही ओढावयाचे नाही, अडण्याचे कारण शोधावयाचे. विंच ही आंधळी शक्ती आहे, ती नळी पिळून तोडील पण थांबणार नाही.

कारण वर होते. शीड बेतून आखूड झाल्यामुळे फिरती कडी नळीच्या टोकापासून बरीच खाली राहिली होती. त्यामुळे शीड चढवणारी दोरी तारेला समांतर जात होती आणि नळी फिरताच तीही नळीभोवती वेढे घेत होती. ही दोरी तारेपासून थोडी मागे, सुमारे दहा अंशांच्या कोनात, डोलकाठीकडे जावयास हवी. उपाय क्षुल्लक निघाला. शिडाचे टोक आणि फिरती कडी यांच्यामध्ये तारेचा हातभर तुकडा जोडला. कडी योग्य उंचीवर गेली आणि फर्लर लोण्यासारखा फिरू लागला. जगातील निम्मे फर्लर या एका कारणाने बदनाम झाले असावेत, असे चीफसाहेबांचे मत आहे.

आणि ‘फिरते ते अडकते’ या त्यांच्या मूळ आक्षेपाचे काय? त्यांनी आपली अट सोडली नाही. मुख्य तारेच्या मागे, डोलकाठीच्या टोकाच्या थोडे खाली, एक दुसरी आतली तार बसवावयास लावली. ती एरवी सोडून डोलकाठीशी बांधलेली असते. डेकखाली तिच्यासाठी भक्कम आधार दिला, कारण नुसत्या डेकला अडकवली तर डेकच उपटून येईल. वाऱ्याची चिन्हे दिसली की ती ताणावयाची आणि तिच्यावर लहानसे, जाड कापडाचे, पितळी आकड्यांचे जुन्या पद्धतीचे शीड लावावयाचे. हे काम बंदरात, निघण्यापूर्वीच करून ठेवता येते. नाळेपर्यंत जावयास नको. डोलकाठीपासून दोन पावले. म्हणजे नवे साधन रोजच्या कामाला, आणि जुने अडीअडचणीला.

आणखी दोन अनुभवाचे बोल. शीड अंशतः गुंडाळले की दामणाची कप्पी रुळावर पुढे सरकवावी, नाहीतर शिडाची वरची बाजू उघडी पडून फडफडते. आणि येथे जून लागण्यापूर्वी शीड नळीवरून पूर्ण उतरवून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून घरात ठेवावे. गुंडाळून ठेवलेले शीड पावसाळ्यात बुरसते, आणि जोराच्या वाऱ्यात रात्री आपोआप उघडून नांगरावरची होडी ओढून नेते. आमचे शीड सध्या दिवाणखान्यातील सोफ्यामागे असते. सौभाग्यवती पाहुण्यांना सांगतात की ती गादी आहे.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी दोरी चीफसाहेबांच्या हाती दिली. वारा बरा होता. त्यांनी बसल्या जागेवरून, एका हाताने, दोरी ओढली. अडीचशेचे दीडशे, असे करीत ते शीड नाळेवर एका काठीएवढे होऊन उभे राहिले. त्यांनी दोरी खुंटीला बांधली आणि म्हणाले, “इतक्यांच?” मग बराच वेळ ते नाळेकडे पाहत राहिले. आजोबांच्या मचव्यावरचे सात-आठ खलाशी त्यांना दिसत असावेत. थोड्या वेळाने उठून ते आतल्या तारेवरच्या लहान शिडापाशी गेले आणि पितळी आकड्यांना एकेक करून वंगण लावू लागले. आम्ही कोणी त्यांना ‘सांभाळा’ म्हणालो नाही. पट्टा त्यांनी स्वतःच अडकवला होता.

आपल्यापैकी कोणी विचारील की मराठी माणसाचा आणि या साऱ्याचा संबंध काय. संबंध जुना आहे, आणि ताजाही आहे. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या होडीतून मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या पावलावर पाऊल टाकून, वाटेत कोठेही न थांबता २०१२-१३ मध्ये ती पुरी केली अभिलाष टॉमी यांनी. आणि २०२४-२५ मध्ये ‘तारिणी’तून दोघीच स्त्रिया, पुदुच्चेरीच्या रूपा ए. आणि कोळिकोडच्या दिलना के., जगाला वळसा घालून आल्या. मराठी आणि मल्याळी नावे या विद्येत एकमेकांच्या हाती दोर देत आली आहेत. आमच्या तीस फुटी होडीतही तेच चालते, फक्त प्रदक्षिणा वायपीनपर्यंतची असते.

आता मंडळाविषयी दोन शब्द, कारण सुवर्णमहोत्सवात ते न बोलणे अप्रशस्त होईल. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभे केले त्यांनी सतरंज्या स्वतः झटकल्या, गणपती खांद्यावरून आणला, वर्गणीसाठी सायकलवर शहर पालथे घातले. म्हणजे नाळेवर तेच गेले. त्यांपैकी जे आज आपल्यात आहेत ते पुढच्या रांगेत बसले आहेत, आणि त्यांना अजूनही वाटते की उठून जावे. कार्यकारिणीच्या बैठकीत कधी कधी सूर निघतो की पूर्वीसारखी माणसे राहिली नाहीत, तेव्हा उत्सव लहान करावा, की बंदच करावा. आम्हांला त्या बाकावरचा प्रश्न आठवतो: पुढच्या वेळी पुढे कोण जाणार?

आमचे नम्र मत असे की, होडी विकू नये. सांगाडा उत्तम आहे. फक्त जे काम तरुण गुडघ्यांवाचून होत नाही त्याची रचना बदलावी. ज्यांना जमिनीवर बसवत नाही त्यांना खुर्ची द्यावी, ज्यांना रात्री उशिरापर्यंत थांबवत नाही त्यांच्यासाठी नाटक दुपारी लावावे, ज्या मुलांना मराठी वाचता येत नाही पण कळते त्यांच्या हाती आधी पेटी आणि तबला द्यावा. मात्र नवी नळी चढवण्यापूर्वी जुन्या तारेची भेग पाहून घ्यावी. पन्नास वर्षांत एकमेकांविषयी काही बोलावयाचे राहून गेले असेल, तर ते झाकण्याआधी लाल रंग लावून पाहावे. आणि एक आतली तार, जुन्या आकड्यांची, जपून ठेवावी. वीज गेली, ध्वनिक्षेपक बंद पडला, तरी ज्यांना सर्व आरत्या मुखोद्गत आहेत अशी चार माणसे मंडळात असू द्यावीत.

चीफसाहेब समोर बसले आहेत. गेल्या रविवारी ते आमच्याबरोबर बंदराच्या मुखाबाहेर होते. पूर्वेला थोडे काळे दिसू लागले. सुकाणू आमच्या हाती होते. त्यांनी काही म्हणण्यापूर्वीच आम्ही दोरी ओढली.

मसालेभाताचा वास येऊ लागला आहे.